निरोगी रक्त

शिवकन्येचं चित्त काही थाऱ्यावर नव्हतं. सिरसाळ्याच्या भर उन्हात ती गच्चीवर येरझारा घालत होती. तळपाय भाजत होते, पण खाली घरात मोबाईलला रेंज म्हणून नाही आणि पुण्याहून फोन यायचा होता. खाली तिची भाची अंजू तापानं फणफणली होती. चार वर्षांची पोर! दर महिना-पंधरा दिवसांनी ताप, सुजलेले सांधे, अंगावर चट्टे. आणि रक्तात जंतू म्हणाल तर औषधालासुद्धा नाही.

आता माणसं गप्प बसतात होय? शिवकन्येचे वडील मन्मथप्पा, गावात किराणा दुकान, तोंडाचे भारी फटकळ. त्यांनी निकालच देऊन टाकला होता, "आमच्या घरात असलं काई न्हवतं. हे नांदूरघाटाहून आलंय." नांदूरघाट म्हणजे सून महादेवीचं माहेर. तेव्हापासून ते सुनेला नावानं हाक मारीत नसत. "ए नांदूरघाटवाले, पाणी आण," एवढंच. ती खालमानेनं पाणी आणी. आणि तिचा नवरा, शिवकन्येचा भाऊ वीरेश, बापापुढं तोंड उघडेल तर शपथ!

शिवकन्या पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत याच विषयावर डोकं फोडत होती. जनुकातून आरएनएचा लांबलचक निरोप निघतो. त्यातले नको ते तुकडे कापून बाकीचे जोडायचे असतात आणि कुठं कापायचं हे दाखवायला काही प्रथिनं त्या आरएनएला जाऊन चिकटतात. तिला संशय होता, की अंजूच्या एका जनुकात प्रथिनाची ती बसायची जागाच बिघडलीय. मग नको तो तुकडा निरोपात तसाच राहतो आणि अंगातल्या पहारेकऱ्यांना आवर घालणारं प्रथिन पुरेसं बनत नाही. आप्पांना तिनं समजावलं होतं, "आपली मोटार कशी ऑटोवर असती? लाईट आली की चालू, हिरीत पाणी असो नसो. तसं हिचं अंग. जंतू न्हाई, काई न्हाई, तरी आपलं चालूच."

"मंग बंद करा की ऑटो!" आप्पा म्हणाले होते.

तिथंच तर घोडं अडलं होतं. लातूरचे डॉक्टर म्हणत होते, बिघाड दाखवा, लगेच औषध सुरू करतो, पण पुराव्याशिवाय एवढ्या लेकराची प्रतिकारशक्ती दाबायची जोखीम मी घेणार नाही. म्हणून अंजूचं रक्त पुण्याला गेलं होतं आणि शिवकन्या रजा काढून गावी आली होती.

फोन वाजला. प्रयोगशाळेतली मैत्रीण स्वप्ना बोलत होती.

"शिवे, सॉरी गं. अंजूच्या नमुन्यात दोन पट्ट्या आल्या, पण निरोगी नमुन्यातही अगदी तशाच दोन आहेत. म्हणजे ते नेहमीचंच असणार. बिघाड नाही."

शिवकन्येनं फोन ठेवला. आता खाली जाऊन सांगायचं काय? पोरीत दोष नाही म्हटलं, तर 'आईचं दूधच बाधलं' म्हणायलाही आप्पा कमी करणार नाहीत. आणि औषध? ते तर गेलंच.

पुन्हा फेऱ्या सुरू. काहीतरी खुपत होतं. एक पट्टी नीट कापलेल्या निरोपाची, दुसरी नको तो तुकडा राहिलेल्या लांब निरोपाची; मग निरोगी माणसात दोन पट्ट्या कशाला असतील? तिनं उलटा फोन लावला.

"स्वप्ना, निरोगी नमुना कुणाचा घेतलास?"

"आपला नेहमीचाच. फ्रीजमधला."

"अगं पण कुणाचा?"

पलीकडं फ्रीज उघडल्याचा आवाज आला. "अगं बाई... तुझाच की!"

घ्या! प्रयोगशाळेत सुई निघाली की सगळे मागं सरायचे आणि शिवकन्या बाही वर करायची. शीर पटकन सापडते, तब्येत ठणठणीत. तिचंच रक्त निरोगी म्हणून वापरायची सगळ्यांना सवय लागली होती. या जनुकाकडं मात्र आजवर कुणी पाहिलंच नव्हतं, आणि पाहिलं तेव्हा भाचीच्या शेजारी आत्याच जाऊन बसली! तिला आठवलं, लहानपणी तिलाही असाच ताप यायचा, गुडघे ठणकायचे. आई म्हणायची, "शाळा बुडवायची नाटकं हायत ही." पुढं तो आपोआप गेला. बिघाड तोच, पण कुणाला चाटून जातो, कुणाला भाजून काढतो.

"तुझं रक्त घाल," ती ओरडलीच. "अजून दोघा-तिघांचं घाल. आत्ताच्या आत्ता!"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला ना अन्न गोड लागलं ना झोप. शेवटी एकदाचा फोन आला. "सगळ्यांना एकच पट्टी," स्वप्ना म्हणाली. "दोन आहेत त्या फक्त तुम्हा दोघींना. डॉक्टरांना आजच कळवते."

ती धडधडत जिना उतरली. महादेवी लेकीच्या कपाळावरची ओली घडी बदलत होती. वीरेश दाराशी उभा, आप्पा बाजेवर.

"आप्पा, बिघाड सापडला. औषध सुरू हुईल आता."

"म्या म्हनलं न्हवतं? नांदूरघाट..."

"नांदूरघाटाचा काई संबंध न्हाई! हे माझ्यातबी हाय. माझ्यात आलं ते तुमच्याकडून, न्हाईतर आईकडून. तेच वीरेशमधून अंजूत गेलं. आपल्याच घरचं हाय, आप्पा."

महादेवीनं वर पाहिलं नाही, पण तिची आसवं टपटपा पोरीच्या उशीवर गळायला लागली. वीरेशला तोंड कुठं लपवावं कळेना.

मग आप्पा उठले. माठातून स्वतः तांब्या भरून आणला आणि सुनेपुढं ठेवला.

"महादेवी," ते म्हणाले, "सकाळधरनं काई खाल्लंस का बाई तू?"