दोन सुरांचा हॉर्न

बांधावर हॉर्न वाजला की आमच्या घरात दोन गोष्टी व्हायच्या. चुलीवर तवा चढायचा, आणि माझ्या जाऊबाईंचा, शकूताईंचा, जनू मान वळवायचा.

त्या मानेचा मला फार हेवा वाटे. आठ-नऊ महिन्यांचं लेकरू ते, मान काय, चिमटीत मावेल एवढी. पण हॉर्न वाजला की ती अशी गर्रकन वळायची, आणि मग सगळं अंगच हसायला लागायचं. हात, पाय, टाळूवरची जावळाची बट, सगळं. माझी सरू त्याच्याच वयाची, त्याच ओटीवर, त्याच गोधडीवर. ती आपली बोटं बघत असायची.

आमचं गाव पेणच्या खारेपाटात. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. गाडी बांधापर्यंतच येते, तिथून घराकडे पायवाट. म्हणून ज्याच्याकडे गाडी आहे तो बांधावर थांबून हॉर्न देतो, आणि तो चालत येईपर्यंत घरात तांदळाची भाकरी तव्यावर फुगलेली असते. कामावरून आलेल्या माणसाला गार भाकरी वाढायची नाही, हा सासूबाईंचा नेम. माझं माहेर निडीचं. तिथे रेल्वेची शिट्टी सगळ्या गावाला एकच. इथे प्रत्येक घराचा हॉर्न वेगळा, आणि लग्न होऊन आल्यावर दीर-नणंदांची नावं शिकावीत तसे मी ते शिकले.

मोठे भाऊजी, काळुराम, पेण ते वडखळ जीप चालवतात. त्यांच्या जीपला ट्रकचा हॉर्न. तो वाजला की वाफ्यांतले बगळे उठतात. आमच्या ह्यांची जुनी पांढरी गाडी. गडब, नागोठणं करत रोज रोह्याला जायचं, कंपनीच्या साहेब लोकांना शिफ्टला न्यायचं-आणायचं. त्या गाडीचा हॉर्न कारखान्यातून आला तेव्हापासून तसाच. पीं. जशी कोणी दबकत हाक मारावी आणि मारल्यावर लाजावं.

भाऊजींचा हॉर्न झाला की शकूताई जनूला उचलून म्हणायच्या, "बगलंस गो मालू, बापाची गाडी कशी वळखतो." मग थोड्या वेळाने आमची पीं यायची. मी परातीतून पिठाचे हात काढून ओटीवर जायची. सरू बोटं बघत असायची, नाहीतर माझ्या मंगळसूत्रातल्या वाट्या. मी मुद्दाम म्हणायची, "बाबा आले, सरू, बाबा आले." माझं तोंड दिसलं की ती हसायची. माझं तोंड दिसलं की.

हसायला लागली की असं गोड हसते ती. डाव्या गालाला खळी पडते, उजव्या नाही. रात्री पाजताना तिचा हात माझ्या गळ्याशी असतो, मी गुणगुणले की ती तिथे बोटं दाबून धरते. मला वाटायचं, माझ्या पोरीला माझं गाणं एवढं आवडतं.

एकदा शकूताई सहज बोलून गेल्या, "तुजी पोरगी बापाला वळखत नाय गो?" सहज म्हणते, पण त्यात सहज काही नव्हतं. त्यांच्या आवाजात ती मऊ गोड काळजी होती, जी जिंकलेल्या माणसालाच परवडते. माझी कानशिलं तापली. सासूबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्याच म्हणाल्या, "पोरीचा काय दोष? पुंडलिकाची गाडीच मुकी. माज्या म्हातारीच्या कानाला नाय येत, तं तिच्या कुठून येईल." आणि खात्री म्हणून त्यांनी सरूला ओटीवरच्या लाकडी बाकावर बसवलं आणि तिच्या मागे, त्याच बाकावर, तांब्या आपटला. सरू दचकली. ओठ काढला, रडली.

"झालं?" सासूबाई म्हणाल्या. "चांगलं ऐकते."

मी सरूला पोटाशी धरलं आणि त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं, की रात्रीची भाकरी थापताना मी मोठ्याने गात होते. दोष गाडीचा होता. गाडी दुरुस्त होते.

मग मी ह्यांच्या मागे लागले. हॉर्न बदला. हे आधी हसले. म्हणाले, वाजतो की. मी म्हटलं, वाजतो म्हणे, गडबला तो ट्रक अंगावर आला तेव्हा ऐकला का त्याने? ते खरं होतं. गडबच्या दुकानांपाशी एक ट्रक न बघता मागे आला होता, हे पीं पीं करत राहिले, आणि शेवटी पानवाल्याने ट्रकच्या फाळक्यावर थाप मारली म्हणून वाचले. ते आठवून ह्यांनी मान डोलावली. मग सरूकडे बघत म्हणाले, "हॉर्न बदलू गो. पण मालू, तिला बाकीचं येतं का ऐकायला? तू दिवसभर असतेस, तू बग."

मी त्यांना बोलू दिलं नाही. म्हटलं, तांब्या आपटला तेव्हा तुम्ही कुठे होतात? तुमच्या भावाचं पोरगं बापाला ओळखतं, माझ्या पोरीने का नाही ओळखायचं? तुम्हाला भावाच्या पुढे जायचंच नसतं कधी. असं बरंच. ते ऐकत राहिले. सरू आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती, जशी एखादी बाई दुकानात दोन साड्या बघते.

रविवारी हे पेणहून हॉर्नची जोडी घेऊन आले. गोगलगाईच्या शंखासारखे दोन काळे हॉर्न. एक जाड आवाजाचा, एक बारीक, दोन्ही एकदम वाजले की भरदार सूर निघतो म्हणे. बांधावर गाडीचं नाक उघडून ह्यांनी स्वतःच बसवले. जुन्या हॉर्नच्या त्याच बारीक वायरी नव्यांना जोडल्या, आणि आवाज घरापर्यंत उडत यावा म्हणून दोघांची तोंडं आभाळाकडे केली. मी सरूला कडेवर घेऊन उभी होते. बटण दाबलं. भों झालं, अर्धंच, आणि फ्यूज गेला. आधी गाडी लाजरी होती, आता खरंच मुकी झाली.

त्यानंतरचे दिवस ह्यांचं येणं कळेना. हे एकदम ओटीवर उभे राहायचे आणि सासूबाई दचकायच्या. तवा गार. शकूताई हसून म्हणायच्या, "भाऊजी तं पाव्हण्यासारखे येतात." त्यांच्या जनूने बापाच्या हॉर्नला आता टाळ्या सुरू केल्या होत्या. मी बघितलं नाही असं दाखवायची. आणि एकटी असले की सरूचे हात धरून टाळ्या वाजवून घ्यायची, आगाऊ तयारी म्हणून.

शेवटी हे रोह्यात बाबाजींकडे गेले. स्टँडजवळ त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. त्यांनी आधी ती आभाळाकडची तोंडं बघून विचारलं, हे काय पावसाचं पाणी प्यायला ठेवलेत का? तोंडं खाली केली. मग बॅटरीपासून नवी जाड वायर ओढली, मध्ये रिले बसवला, वेगळा फ्यूज दिला. बटणाने नुसता इशारा द्यायचा, ताकद थेट बॅटरीकडून यायची, बारीक वायरीवर भार नको, असं त्यांनी सांगितलं. हे सगळं मला नंतर कळलं. सकाळी जाताना ह्यांनी एवढंच सांगितलं होतं, आज होणार.

दिवस मला सरता सरेना. दुपारी मी सरूला न्हाऊ घातलं, काजळ घातलं, खळीच्या गालाला तीट लावली. ऊन कललं तशी तिला ओटीवर गोधडीवर बसवलं. पाठ बांधाकडे. मुद्दाम. म्हणजे वळली तर कोणाला म्हणता येऊ नये की गाडी दिसली म्हणून वळली. शकूताईही आल्या, जनूला मांडीवर घेऊन. त्यांना बोलावलं मीच होतं. बघायला कोणी नसेल तर जिंकण्याला काय अर्थ.

आणि हॉर्न वाजला.

काय आवाज होता तो. एक जाड, एक बारीक, दोन्ही मिळून भरून आलेला, मिठागरांवरून सरळ आमच्या ओटीवर आला. बगळे उठले. शेजारचा कुत्रा अंगणातून पळाला. सासूबाईंच्या हातातलं सूप हललं. भाऊजींच्या जीपला कधी जमलं नव्हतं असं.

जनू आधी ताठ झाला. मग त्याचा चेहरा लाल होत गेला आणि तो असा रडायला लागला, की त्याला श्वास घेववेना. शकूताईंनी त्याला छातीशी दाबलं. "असा कशाला वाजवायचा? पोर घाबरलं माजं."

सरूच्या हातात माझ्या पदराचं टोक होतं. ती त्यातला एक सुटलेला धागा ओढत होती. हॉर्न पुन्हा वाजला. लांबलचक. तिने धागा तोंडात घातला.

हे बांधावरून पळत आले. चप्पल एकाच पायात. "वळली?"

जनू रडत होता. सासूबाई म्हणाल्या, तिला झोप आलेय, न्हाऊन पोरं सुस्त होतात. ह्यांनी सरूला उचललं आणि आम्ही सगळे बांधावर गेलो, शकूताईसुद्धा, रडतं पोर खांद्यावर टाकून. ह्यांनी सरूला माझ्याकडे दिलं आणि तिला गाडीच्या बॉनेटवर बसवायला सांगितलं. आत जाऊन बटण दाबलं. सरूने दोन्ही तळवे पत्र्यावर टेकवले, डोळे मोठे केले आणि खदाखदा हसली. पुन्हा दाबलं, पुन्हा हसली. "बग," सासूबाई म्हणाल्या, "उगाच घोर." ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शकूताईसुद्धा म्हणाल्या, "हसते गो, हसते."

मी तिचे तळवे बघत होते. ते पत्र्याला चिकटले होते. माझ्या गळ्याशी चिकटतात तसेच.

मी तिला उचलून कडेवर घेतलं. दोन पावलं मागे सरले. ह्यांना म्हटलं, "आता वाजवा."

वाजवला. माझ्या स्वतःच्या कानात दडे बसले. सरू खाली बॉनेटकडे हात करून मला सांगत होती, तिथे ठेव, तिथे ठेव. ती गंमत कुठे गेली, असं तिच्या तोंडावर होतं.

"अजून एकदा," मी म्हटलं. हे गाडीतून बाहेर आले. त्यांनी वाजवला नाही. त्यांना कळलं होतं. मला वाटतं, मला कळायच्या कितीतरी आधी कळलं होतं, मीच ते कळू देत नव्हते.

सासूबाई अजून म्हणत होत्या की तांब्या आपटला तेव्हा दचकली होती. मी म्हटलं, "आई, बाक हलला होता." त्या पदराने सरूचं तोंड पुसत राहिल्या, पुसायला काही नसताना.

जनू अजून रडत होता. मोठ्या आवाजाला घाबरून आपलं पोर रडतं म्हणून शकूताई ओशाळल्या होत्या, ह्यांना म्हणत होत्या, नवीन आवाज हाय, होईल सवय. मी त्याच्याकडे बघितलं. नाक गळत होतं, ओठ थरथरत होते, प्रत्येक हुंदक्याला पोट आत जात होतं. इतके महिने त्याच्या हसण्यावर माझा डोळा होता. आता त्याच्या त्या रडण्याचा मला जो हेवा वाटला, तसा कशाचाच वाटला नव्हता. मला ते हवं होतं. ती भीती, माझ्या पोरीला. मी तिला उचलून उगी केलं असतं.

"गप करू नका त्याला, ताई," मी म्हटलं. "जरा रडू द्या."

शकूताईंनी माझ्याकडे बघितलं. रागावतील असं वाटलं. त्यांनी थोपटणारा हात थांबवला, आणि आम्ही सगळे बांधावर उभे राहून त्याचं रडणं ऐकत राहिलो. सरू त्याच्या गालावरच्या पाण्याकडे बघत होती, हे काय आहे म्हणून.

घरी येताना ह्यांनी सांगितलं, उद्या शिफ्टला दुसरा ड्रायव्हर बघतो, सकाळीच अलिबागला जाऊ, कानाच्या डॉक्टरकडे. मी बरं म्हटलं. तवा ठेवला, भाकऱ्या केल्या. भाऊजींची जीप आली तेव्हा हॉर्न वाजलाच नाही. शकूताईंनी कोणाला तरी बांधावर पाठवून नको म्हणून सांगितलं असावं. ते हातपाय धुवून बसले.

सरू पिता पिता माझ्या गळ्याशी हात ठेवून पडली. मी गुणगुणत राहिले. भिंतीच्या पलीकडे शकूताई जनूला झोपवत होत्या. रोज त्या खुल्या आवाजात गातात, अंगणापर्यंत ऐकू येईल असं. आज त्या अगदी हळू गात होत्या, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.