नाव लिहू नये

फॉर्मच्या माथ्यावरची ‘नाव लिहू नये’ ही ओळ मीच ठळक करून घेतली होती. ताण आला की कॉलेजची मुलं कशाच्या आधारानं सावरतात, मित्रांच्या, घरच्यांच्या की स्वतःच्या हिमतीच्या, हा माझा प्रकल्प. मुलांनी मोकळेपणानं लिहावं म्हणून फॉर्म पेटीत टाकायला लावले आणि वर पेटी चांगली हलवलीसुद्धा. अतिशहाणपणा म्हणतात तो हाच.

सोमवारी गुण मांडताना एक्क्याण्णववा फॉर्म हाती आला. ‘अडचण कोणाला सांगता?’ आई, बाबा, मित्र, शिक्षक, सगळ्यांपुढे नकाराची फुली. तळाशी पेन्सिलीनं एकच ओळ: ‘शेवटच्या पेपरपर्यंत आहे, पुढे नाही.’ शेवटचा पेपर गुरुवारी होता.

अक्षरावरून ओळखावं तर ती एक ओळ सोडून फॉर्मवर सगळीकडे नुसत्या खुणा. मार्गदर्शक मॅडमकडे धावले.

“वर्ग तरी कुठला?”

“तिन्ही वर्गांचे एकत्र झालेत, मॅडम.”

“अगं, मग बोलावू कुणाला?” त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. “समुपदेशकांना दिवसभर बसवते. पण यायला हवं ना कुणीतरी.”

मंगळवारी पेपर सुटल्यावर तिन्ही वर्गांत जाऊन उभी राहिले. मागच्या बाकावरचा एक लंबू ओरडला, “ताई, आम्हाला ताण नाही, ताण सरांना आहे!” वर्ग खो खो हसला. मीही हसले आणि एकेक चेहरा चाचपत राहिले. काही म्हणजे काही कळत नव्हतं. शेवटी फळ्यावर माझा नंबर लिहिला: ‘ती शेवटची ओळ ज्यानं लिहिली, त्यानं फोन करावा. कधीही.’

बुधवारी संध्याकाळपर्यंत नऊ फोन आले. त्यात तो लंबूही, आवाजावरून ओळखलं. प्रत्येकाची सुरुवात तीच: “ताई, ती ओळ माझी नाही, पण...” आणि पुढे अर्धा अर्धा तास. कुणी रडलंही. मी प्रत्येकाला सरळच विचारलं, “खरंच तू नाहीस?” नऊही जण नाही म्हणाले. सगळ्यांना समुपदेशकांकडे धाडलं. नऊ जणांतला एक खोटं बोलतोय, की दहाव्यानं फोनच केला नाही, हे मला आजही सांगता यायचं नाही.

त्या बुधवारी रात्री पुन्हा फोन वाजला. आई होती.

“आवाज असा का येतोय गं तुझा?”

“काही नाही गं, आई,” म्हटलं आणि लाइन मोकळी हवी म्हणून फोन ठेवून दिला.