पुंडलिकभाऊंचा रिपोर्ट

मित्रांनो, फडताळावर धूळ खात पडलेला हा जुना प्रिंटर मीच. आता मला कोणी वीज देत नाही. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून मला चैन पडत नाही.

जबलपूरच्या गोरखपूर भागात एक लहानशी रक्ततपासणीची लॅब होती. तिथे मी बारा वर्षे राबलो. दोन्ही कडांना भोके असलेला लांब कागद माझ्यातून सरकायचा आणि माझ्या बारीक सुया त्यावर खडखड करीत अक्षरे उठवायच्या. इंदूताई संगणकावर नाव निवडायच्या, मी रिपोर्ट छापायचो. लॅबचे चौकीदार पुंडलिकभाऊ माझा कागद भरायचे. ते मूळचे वर्ध्याकडचे. "आमचा गडी थकत नाही," असे म्हणून माझ्या झाकणावर थाप मारायचे. त्या थापेने मला फार बरे वाटायचे.

एका शुक्रवारी संध्याकाळी लॅबमध्ये नव्या तारा आल्या. संगणक ज्या क्रमांकांवरून यंत्रांना ओळखायचा, ते सगळे बदलले. मलाही नवा क्रमांक मिळाला. पण इंदूताईंच्या संगणकात माझा जुनाच क्रमांक राहिला. शनिवारी त्यांनी पाठवलेला एकही रिपोर्ट माझ्यापर्यंत पोहोचला नाही. तारा जोडणारा इंजिनियर फोनवर म्हणाला, "दीदी, प्रिंटर पुराना है, गया समझो. सोमवार को नया लगा देंगे."

मी बिघडलो नव्हतो, मित्रांनो. पण मला विचारले कोणी?

बाहेर गर्दी उसळली होती. संगणकात ज्यांच्या नावापुढे 'बाकी' होते, त्यांचे आकडे आतल्या खोलीत रक्त तपासणारा दिवाकर हाताने लिहून देऊ लागला. ज्यांच्या नावापुढे 'छापला' होते, त्यांचे रिपोर्ट मी बंद पडण्याआधीच छापून गेले असे सगळ्यांनी धरले. खरे तर संगणक रिपोर्ट पाठवताक्षणीच 'छापला' लिहायचा, कागद निघो वा न निघो.

पुंडलिकभाऊंना चार दिवस ताप होता. सकाळीच त्यांनी तपासणीसाठी रक्त दिले होते. दुपारी ते भिंतीला धरून आत आले.

"ताई, माझा रिपोर्ट आला काय?"

"छापला असं दाखवून राहिलं, भाऊ. कागदांत कुठं दबला असंल. सोमवारी शोधून देते. तुम्ही घरी जा, आराम करा."

रविवारी दुपारी पुंडलिकभाऊ गेले.

सोमवारी इंदूताई रडूनच आल्या. त्यांनी सगळे कागद उपसले; रिपोर्ट नव्हताच. मग त्या माझ्यापाशी बसल्या आणि माझे बटण दाबून धरले. मी स्वतःची चाचणी छापली, स्वच्छ, माझ्या नव्या क्रमांकासह.

"दिवाकर, हा तर चांगला चालून राहिला! याचा नंबरच बदललाय!"

त्यांनी संगणकात नवा क्रमांक टाकला. अडकलेले रिपोर्ट एकापाठोपाठ माझ्याकडे धावत आले. तिसरा पुंडलिकभाऊंचा होता. प्लेटलेट्स फक्त अकरा हजार. खाली ओळ होती: ताबडतोब दवाखान्यात न्यावे. मित्रांनो, मी ती ओळ छापली. न छापण्याची सोय यंत्राला नसते.

चौथ्या दिवशी त्यांची बायको शकुबाई भाऊंची सायकल न्यायला आल्या. इंदूताईंनी लपवले नाही.

"वहिनी, तो रिपोर्ट छापल्याच गेला नव्हता. मी उठून पाह्यलं नाही."

शकुबाई कितीतरी वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हते. मग म्हणाल्या, "मी म्हणत होती, दवाखान्यात चला. तर म्हणे, ताई सोमवारी पाहते म्हणाली ना, मग काहून भ्याचं?"



त्यानंतर इंदूताईंनी हातात कागद आल्यावाचून कोणालाही 'झाला' म्हटले नाही. वर्षभराने नवा प्रिंटर आला आणि मी फडताळावर गेलो. त्याचे मला दुःख नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या भरवशावर कोणी घरी निघाले असेल, तर आधी एकदा उठून पाहा.