बर्नीची फळी
बर्नडीन हरुस्काने लँटर्न्सचा इतिहास दीड पानात बसवला होता, आणि त्यातलं शेवटचं वाक्य खोटं होतं.

आज लोरेन शहरात कुणाला लँटर्न्स म्हणाल तर तो दिव्यांच्या दुकानाचा पत्ता सांगेल. पण सहा हिवाळे हा फुटबॉलचा संघ होता, छपराखाली खेळणारा, आणि पगारी बरं का, हौशी नव्हे. आइस हॉकीच्या बर्फावर लाकडं टाकायची, त्यावर हिरव्या गालिच्याच्या अकरा पट्ट्या, भोवती हॉकीचंच फळ्यांचं कुंपण, आत सहा विरुद्ध सहा. चेंडू बाहेर जायचा प्रश्नच नाही, फळीवर आपटून परत येणार. पोलाद कारखान्यातली माणसं पाळी संपली की थेट यायची आणि घसा बसेपर्यंत ओरडायची. खेळाडूंच्या मांड्या गालिच्यावर घासून सोललेल्या असायच्या, आणि तेही त्यांना मिरवायला पुरायचं.

गालिचा अंथरणं आणि फळ्या सांभाळणं हे बर्नडीनचं, म्हणजे सगळ्यांच्या बर्नीचं, काम. पहिल्या वर्षी व्यवस्थापक तिला काढायलाच निघाला होता, सुतारकामाला बाई कशाला म्हणून. तेव्हा गोलकीपर झ्लात्को पेरिच त्याच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "हिने जोडलेल्या गालिच्यात माझा पाय अडकत नाही. ही जाणार असेल तर मीही जातो." दोघंही राहिले. बर्नीने पुढे त्याच इमारतीत सत्तावीस वर्षं काढली, घर उभं केलं, मुली शिकवल्या. हे उपकार ती विसरणारी नव्हती, आणि म्हणूनच ते शेवटचं वाक्य तिला खात होतं.

ते वाक्य असं होतं: 'शेवटच्या सामन्यात नशिबाने साथ दिली नाही.'

नशिबाचा काहीएक संबंध नव्हता. डाव्या कोपऱ्यातली एक फळी आतून पाणी मुरून मऊ पडली होती. शहाऐंशीच्या उपांत्य सामन्याच्या सकाळी बर्नीने ती काढली आणि तिथे नवं कोरं प्लायवूड बसवलं, चोवीस पितळी स्क्रू मारून. मोठा सामना, सगळं कसं झकास दिसायला हवं. शेवटच्या मिनिटाला बरोबरी असताना लँटर्न्सच्याच क्लाइव्ह ऑर्म्सबीने चेंडू नेमका त्या फळीवर मारला. तो तिथून उसळून सगळ्यांच्या डोक्यावरून गेला, समोरच्यांना आयता मिळाला, आणि गोल झाला. दोन महिन्यांत संघच बंद पडला.

दुसऱ्या दिवशी भंगारात पडलेल्या जुन्या फळीवर बर्नीने सहज एक चेंडू मारला. तो उसळलाच नाही. मुकाट तिच्या पायाशी पडला. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आपले लोक सहा वर्षं त्याच फळीवर चेंडू मारून तिथल्या तिथे उचलत होते आणि गोल करत होते. पाहुण्या संघांना सुगावा लागू नये म्हणून कुणी कुठे बोललं नव्हतं, तिच्याकडेसुद्धा नाही. त्या दिवसानंतर ती त्या कोपऱ्यात कधी गेली नाही. तिथलं काम ती दुसऱ्यांना सांगायची.

आता इमारत पाडली होती. ईस्टरआधीच्या, मांस वर्ज्य असलेल्या उपवासातल्या एका शुक्रवारी, चर्चच्या मागच्या दालनात, तळलेला मासा आणि बटाट्याच्या पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, खायला त्या काळातले सातजण जमले. संघाचा फोटो भिंतीवर लावायचा आणि बर्नीने इतिहास वाचायचा असं ठरलं होतं. ती वाचत गेली, लोक हसत गेले. शेवटच्या वाक्याशी ती थांबली. मग तिने कागदाची घडी घातली.

"पुढचं मी खोटं लिहिलंय," ती म्हणाली, आणि फळीचं सगळं सांगून टाकलं. "तुम्हाला मीच हरवलं. या झ्लात्कोने माझी नोकरी वाचवली आणि मी त्याचा संघ बुडवला."

झ्लात्कोने काटा खाली ठेवला.

"स्क्रू पितळी होते," तो म्हणाला. "मी गोलकीपर, बर्नी. मला सामन्याआधीच्या सरावालाच दिसले लांबून चमकताना."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तू पहाटेपासून खपलेली. हातात पेचकस घेऊन मला विचारतेस, कशी दिसते? मी म्हटलं, छान."

म्हणाला होता खरा. बर्नीला तो शब्द आठवत होता.

"मी सगळ्यांना बजावलं, त्या फळीच्या वाटेला जायचं नाही आणि बर्नीजवळ तोंड उघडायचं नाही." त्याने क्लाइव्हकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" क्लाइव्ह म्हणाला. "सहा वर्षांची सवय. पाय कुठे ऐकतो?"

"दोनदा सांगितलं होतं लेका तुला."

"तिसऱ्यांदा सांगायचं होतंस. आणि बये, संघ बुडाला तो तुझ्यामुळे नाही. मालकाने आम्हाला सामन्याआधीच्या मंगळवारीच सांगितलं होतं, जिंका नाहीतर हरा, दुकान बंद. तुम्हा लोकांना शेवटचा सामना तरी सुखाने बघू दे, म्हणून आम्ही गप्प."

बर्नी खुर्ची ओढून बसली. तिला राग यायला हवा होता, पण अडतीस वर्षांचं ओझं उतरल्यावर माणसाला आधी हलकंच वाटतं.

झ्लात्को नुकत्याच बदललेल्या खुब्यामुळे लंगडत बाहेर गेला आणि गाडीतून घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. इमारत पाडायच्या आदल्या आठवड्यात त्याने ते काढून आणलं होतं. घोंगडी सुटली तेव्हा बर्नीने आपलं प्लायवूड लगेच ओळखलं.

"उलटी कर," तो म्हणाला.

मागे तिच्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं: 'लँटर्न्ससाठी, बर्नी.' त्याखाली पेनाने चौदा नावं, संघातली सगळी, आणि नावांच्या वर एकच ओळ: 'बर्नी, आभार. आमचा पाय कधी अडकला नाही.'

"कधी लिहिलंत हे?"

"हरलो त्याच दिवशी. फळी उघडली, सह्या केल्या, परत लावली. म्हटलं, दुरुस्तीला काढशील तेव्हा सापडेल." झ्लात्कोने घोंगडीची घडी घातली. "तू काढलीच नाहीस कधी."

बर्नीने फळी पुन्हा सुलटी केली आणि कडेकडेने बोट फिरवत भोकांत परत बसवलेले स्क्रू मोजले. एका भोकात तिचं बोट थांबलं. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही.

"कशी दिसते?" झ्लात्कोने विचारलं.

"एक स्क्रू कमी आहे."

"तो क्लाइव्हने हरवला," झ्लात्को म्हणाला. "आणि अशा वेळी छान म्हणायचं असतं, बर्नी."