दोन्हीकडून गुळगुळीत

भावाभावांनी घर वाटून घेतलं तेव्हा मधल्या पार्टिशनची गुळगुळीत बाजू कोणाकडे यावी, यावरून वाद पेटला आणि सुतार हातावर हात ठेवून बसून राहिला. थोरला म्हणाला, "खिळे आणि पट्ट्या मी का बघत बसू?" धाकटा म्हणाला, "मग मी का?" शेवटी सुताराने मधे चौकट उभी केली आणि दोन्ही अंगांनी प्लायवूड ठोकून दिलं. दोघांनाही गुळगुळीत बाजू मिळाली. मधे वीतभर पोकळी उरली ती कोणाच्याच वाट्याला आली नाही. जे कोणाच्याच वाट्याचं नसतं तिथे काय काय माजतं, हे सांगायला सुतार काही थांबला नाही.

इकडे थोरल्याचं शिवणाचं दुकान आणि मागे दोन खोल्या. तिकडे धाकट्याचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आणि मागे एक खोली. त्याचं लग्न झालेलं नव्हतं आणि पुढेही होईल अशी लक्षणं नव्हती. भांडण जागेवरून नव्हतं, तसं असतं तर केव्हाच मिटलं असतं. वडिलांचं ऑपरेशन करायचं की नाही, यावर थोरल्याने करायचं म्हणून सही केली, आणि वडील टेबलावरून उठले नाहीत. इस्पितळाच्या जिन्यात धाकटा म्हणाला, "सही तुझी होती." थोरला म्हणाला, "आणि तू कुठे होतास?" दोन्ही वाक्यं खरी होती. खोटं बोललेलं विसरता येतं, खऱ्याला औषध नाही.

मामांनी घर वाटून द्यायचा निवाडा दिला. रागाच्या भरात एखाद्याने पार्टिशनच फोडू नये म्हणून त्यांनी कलम घातलं: जो पहिल्यांदा पार्टिशनला हात लावेल, त्याने आपली चूक कबूल केली असं समजायचं, आणि नवरा-बायको एकच धरायचे. पुढच्याच वर्षी मामा गेले. निवाडा मात्र राहिला.

सुतार शेवटचा खिळा ठोकत होता तेव्हा कुत्र्याचं एक पिल्लू चुकून धाकट्याकडे अडकलं. वहिनीने, म्हणजे थोरल्याच्या बायकोने, रस्त्यावरून उचलून आणलेलं. तिकडून ते असं रडलं, की सुताराने काही न विचारता करवत काढली आणि खाली एक भोक पाडलं. आयुष्यात तेवढ्या एकाच गोष्टीला दोघा भावांनी हरकत घेतली नाही.

थोरल्याने त्याचं नाव ठेवलं बटण. धाकट्याने ठेवलं फ्यूज. कुत्रा दोन्ही नावांना ओ द्यायचा आणि दोन्हीकडे जेवायचा. माणसांत याला लबाडी म्हणतात, कुत्र्यात प्रेम म्हणतात.

आणि घराचं सगळं बोलणं त्याच्यामार्फत चाले. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, इथे बोलायचं कुत्र्याला आणि ऐकायचं भावाने.

"बटण, सांग तिकडे, नळाला पाणी आलंय."

"फ्यूज, सांग तिकडे, कान आहेत आम्हाला."

"बटण, सांग तिकडे, कान आहेत तर बादल्या का भरल्या नाहीत?"

कुत्रा भोकात बसायचा, तोंड एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे. शेपूट ज्याच्याकडे असे तो स्वतःला अपमानित समजे.

गोचिडी पहिल्यांदा दिसल्या त्या कानामागे. कानामागून आली नि तिखट झाली ही म्हण नक्की गोचिडीवरूनच पडली असणार. थोरल्याकडे उसवलेले दोरे ओढायचा बारीक चिमटा होता. कातडीलगत धरायचं, न पिळता सरळ वर ओढायचं आणि साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाकायचं. त्याचा हात असा बसला, की कुत्रा झोपेतून जागादेखील होत नसे. पण गुण असला की माणसाला तो दाखवल्याशिवाय राहवत नाही. थोरला ती बाटली गिऱ्हाइकांना उजेडात धरून दाखवू लागला. मापं देता देता दोन बायका ब्लाउजचं कापड घेऊन परत गेल्या.

धाकट्याला चिमटा हा म्हाताऱ्यांचा खेळ वाटे. त्याने पंप आणला, औषध कालवलं आणि आपल्याकडची जमीन, कोपरे, पार्टिशनची गुळगुळीत बाजू सगळं फवारलं. आठवडाभर त्याच्याकडे गोचीड दिसली नाही. त्याच आठवड्यात थोरल्याकडे त्या भिंतीवरून रांगेने चालल्या.

"बटण, सांग तिकडे, तुमच्या गोचिडी इकडे येतायत."

"फ्यूज, विचार, आमच्या नावाचा शिक्का आहे का त्यांच्यावर?"

मग थोरल्यानेही पंप आणला. त्याने फवारलं की त्या तिकडे जात, तिकडे फवारलं की इकडे येत. मधल्या पोकळीत त्यांचा संसार बिनबोभाट चालला होता. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, पण तिसऱ्याचं इतकं भलं क्वचितच कोणी केलं असेल. एवढी ये-जा भावाभावांत असती तर मामांना यावंच लागलं नसतं.

एकदा थोरल्याने सकाळी कुत्र्याला औषधाच्या पाण्याने अंघोळ घातली आणि ते तिकडे कळवायला त्याला कमीपणा वाटला. दुपारी धाकट्याने तेच केलं. संध्याकाळी कुत्रा दारुड्यासारखा झोकांड्या खात भोकापाशी आला आणि भोक चुकून प्लायवूडवर आपटला.

वहिनी रस्त्यावर जाऊन उभी राहिली, दोन्ही दुकानांच्या बरोबर मधे. "एक जण विचारून करा! नाहीतर एक जण करूच नका! मुक्या जनावराला मारताय, दोघं मिळून!"

 'दोघं मिळून' हे शब्द दोघांनाही झोंबले.

कुत्रा त्यातून सावरला, पण पुढे जेवेना. मग एका दुपारी शिवून ठेवलेल्या पांढऱ्या शर्टाशेजारी तो झोपला होता आणि त्याच्या नाकातून रक्त आलं. थोरला शर्टाकडे बघतच राहिला. वहिनीने कुत्र्याला उचललं, रिक्षात घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याचा ओठ वर केला. "हिरड्या बघा. पांढरा कागद झालाय. गोचिडीचा ताप आहे. गोळ्या देते, पण उशीर झालाय हं."

"रोज काढतो हो आम्ही. बाटली भरते."

"बाटली भरते म्हणजे कारखाना चालू आहे. अंगावर दिसतात त्या जेवायला आलेल्या असतात. पोट भरलं की खाली पडतात, भिंत चढतात आणि फटीत अंडी घालतात, एकेक हजारांनी. थंडीच्या मुलखात तरी वर्षातून एकदा गारठतात, आपल्याकडे त्यांना सुट्टीच नाही. घरात फट, पोकळी, जुनं लाकूड असं काही आहे?"

वहिनीने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "आहे."

"मग उघडा ते."

"ते उघडत नाही."

"दार अडकलंय का?"

"दार असतं तर काय हवं होतं, डॉक्टर?"

घरी येऊन तिने दोघांना सांगितलं. आधी नवऱ्याला, मग रस्त्याने वळसा घालून दिराला. दोघांनीही मान खाली घालून ऐकलं.

धाकटा म्हणाला, "वहिनी, दुसरं काहीही सांगा. दुकान बंद करतो, याला घेऊन कुठे लांब राहतो. पण तेवढं नाही."

थोरला म्हणाला, "मी हात लावायचा म्हणजे बाबांना मी..." आणि मशीनचं चाक फिरवू लागला. सुईत दोरा नव्हता.

"मग मी लावते."

"तुला आणि मला एकच धरलंय."

"लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदाही धरलं नाहीत. आज बरं आठवलं!"

पण तिनेही हात लावला नाही. नवऱ्याचा चेहरा तिने पाहिला होता. तो चेहरा घेऊन हा माणूस जन्मभर समोर बसेल, हे तिला कळलं होतं. तिने भोकातून औषधाची भुकटी आत उडवली. बराचसा भाग तिच्याच केसांवर पडला. कुत्र्याला बाहेर ओट्यावर बांधून पाहिलं. तो दिवसभर रडला, आणि संध्याकाळी कोणी सोडला ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण दोघांच्याही पायाला ओट्यावरची धूळ होती.

गोळ्या चालू होत्या. थोरल्याचा चिमटा चालू होता. एक काढली की दुसरी तयार. तो आता बाटली कोणाला दाखवत नसे.

पुन्हा रक्त आलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कुत्र्याला ठेवून घेतलं आणि सलाइन लावलं.

आणि घर गप्प झालं. नळाला पाणी येऊन गेलं, धाकट्याच्या बादल्या कोरड्या राहिल्या. धाकट्याकडे थोरल्याचं एक गिऱ्हाईक चुकून शिरलं ते तसंच निघून गेलं. सांगणार कोणामार्फत? थोरल्याने एकदा "बटण..." म्हणून तोंड उघडलं आणि पुढचं खोकल्यात घालवलं. पलीकडे पंप, पकड, सगळं थांबलं होतं.

दुपारी वहिनी आतून आली तर थोरला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पार्टिशनसमोर मांडी घालून बसलेला. ती वाकली. भोकातून पलीकडे धाकट्याचे गुडघे दिसले, आणि गुडघ्यावर दुसरा स्क्रू-ड्रायव्हर. दोघं किती वेळ बसले होते देव जाणे. दोघांनाही पलीकडच्याचा श्वास ऐकू येत असणार. कोणीच हात पुढे करीना.

वहिनी जमिनीवर पालथी पडली आणि तिने दोन्ही हात भोकात घातले.

"अगं, काय करतेस?"

"मामांनी पार्टिशनचं सांगितलं होतं. भोकाचं काही बोलले नव्हते."

"वहिनी, कडा धारदार आहेत," पलीकडून धाकटा म्हणाला.

"मग ओढा की तिकडून. तुम्हालाही भोकाची बंदी नाही."

चार हात भोकात आले, मग सहा. ओलीने कुजलेलं प्लायवूड पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटलं आणि मग एकदम वरपर्यंत फाटलं. आत चौकटीच्या प्रत्येक सांध्यात तांदूळ ओतावेत तशा राखाडी गोचिडी भरलेल्या होत्या. लहान, मोठ्या, फुगलेल्या, एकमेकींवर बसलेल्या. उजेड पडला तशा त्या सावकाश हलल्या, जणू पाहुणे आलेत आणि जागा करून द्यायची आहे. धाकटा बाहेर जाऊन ओकला. थोरला पंप आणायला उठला, आणि परत आला तेव्हा दोन्ही पंप त्याच्या हातात होते.

संध्याकाळपर्यंत सगळं लाकूड रस्त्यावर जळून गेलं. फटी सिमेंटने बुजवल्या, भिंती धुतल्या. आधी हात कोणी लावला, हा प्रश्न निघाला नाही. निघाला असता तर उत्तर देणं अवघड होतं. पण बोलणंही निघालं नाही. एका लांबलचक खोलीच्या दोन टोकांना दोघं पाठ करून काम करत बसले. पार्टिशन होतं तेव्हा निदान भोक होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला जे करता येतं ते केलं. आता अंगात रक्त तयार झालं तर झालं. इथे पिंजऱ्यात घाबरतो, घरी न्या."

"घर साफ केलं, डॉक्टर. सगळं उघडलं."

"चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. महिन्याभरापूर्वी उघडलं असतं तर, हे त्यांनी उच्चारलं नाही. वहिनीला ते ऐकू आलं.

तिने कुत्र्याला दुकानात आणून खाली ठेवलं. तो उभा राहिला, लटपटला, आणि खोलीच्या मध्यापर्यंत चालत गेला. पार्टिशनच्या जागी आता फक्त सिमेंटचा ओला पट्टा होता. तिथे आल्यावर त्याने मान खाली घातली, पाठ वाकवली, नसलेल्या भोकातून अर्धा पलीकडे गेला आणि तिथेच बसला. मग आडवा झाला.

थोरला उठून इकडे बसला, धाकटा तिकडे. वहिनी पट्ट्यावर बसली आणि तिने त्याच्या पोटावर हात ठेवला.

 मग थोरल्याने घसा साफ केला. "बटण, विचार त्याला, पाणी पाजायचं का?"

"फ्यूज, सांग, नको. ठसका लागेल. ओठ ओले कर म्हणावं."

थोरल्याने चिंधी भिजवून ओठ ओले केले. "बटण, सांग त्याला, पंखा लाव हळू."

धाकट्याने पंखा लावला. "फ्यूज, विचार त्याला, दुपारी जेवलाय का तो."

"बटण, सांग, भूक नाही."

"फ्यूज, सांग, बाबांच्या वेळीही तो असाच राहिला होता उपाशी. मला ठाऊक आहे. मी जिन्यात होतो. वर यायचं धैर्य नव्हतं माझ्यात."

थोरल्याच्या हातातली चिंधी ठिबकत राहिली.

"बटण," तो म्हणाला, "सांग त्याला. सही करताना मला पेन धरवत नव्हतं. वाटत होतं, कोणीतरी मागून येऊन काढून घ्यावं."

वहिनीच्या तळहाताखाली पोट हललं. मग हललं नाही. तिने वाट पाहिली. पुन्हा हललं नाही. कानामागे चिमट्यातून सुटलेली एक गोचीड होती. ती कातडी सोडून कुत्र्याच्या मानेवरून खाली उतरू लागली. गोचिडीला सगळ्यांच्या आधी कळतं.

वहिनीने ती बोटाने झाकली. दुसरा हात तिने पोटावर तसाच ठेवला आणि श्वास चालू असल्यासारखा थोडा वर-खाली केला.

"फ्यूज," धाकटा म्हणत होता, "विचार त्याला, बाबा शेवटी काही बोलले का? मी कधी विचारलंच नाही."

थोरल्याने कुत्र्याकडे बघितलं, मग वहिनीच्या हाताकडे. हात हलत होता.

"बटण, सांग त्याला," तो म्हणाला, आणि सांगू लागला.