बकुळानं काढलेलं आत्मारामाचं दुखणं

लांज्याजवळच्या वाडीतला आत्माराम गेला तो भातलावणी संपता संपता. पायाला कापलं होतं, तरी तसाच चिखलात उभा राहिला. ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले. त्याची बायको बकुळा काढे करून पाजत राहिली. तिला वाटलं, दमणुकीचा ताप आहे, उतरेल. रत्नागिरीला नेलं तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, "लेप्टो आहे, चिखलातून जखमेत शिरतो. आधी आणायला हवं होतं."

दिवाळीनंतर योगिनी नावाची मुलगी देवळात बायकांना कॉमिक काढायला शिकवायला आली. गावात घडलेलं चार चौकटींत काढायचं आणि येत्याजात्याला दिसेल असं लावायचं.

"मला माणसं काढता नाय येत," बकुळा म्हणाली.

"काड्यांची काढा, काकी. कळतं लोकांना."

बकुळानं चिखलातला पाय काढला. मग घट्ट धरलेली पोटरी. काढा पाजणारी बाई काढताना मात्र तिचा हात थांबला, तरी तिनं ती काढलीच. शेवटच्या चौकटीत तिनं गुंडाळून ठेवलेलं अंथरूण काढलं.

मोठे दीर दाजी चिडले. "घरातलं दुखणं चव्हाट्यावर कशाला गो टांगतेस? लोक तुलाच नावं ठेवतील."

"ठेवू देत. बघतील तरी."

चित्र एसटीच्या थांब्यावर लागलं. लोकांनी नावं ठेवलीच. "हिनंच घालवला त्याला," असं कुणीसं म्हणालेलं तिच्या कानावर आलं. ती घरातून बाहेर पडेना, पण चित्र काही तिनं उतरवलं नाही.

पुढच्या लावणीत शेजारची तुळसा धापा टाकत आली. "बकुळे, ह्यांना ताप आहे नि पोटऱ्या धरल्यात. तुझ्या चित्रात तसंच ना?"

"काढा देऊ नको. आत्ताच्या आत्ता ने."

रिक्षा दाजींनीच आणली. तुळसाचा नवरा बाबल्या वेळेवर दवाखान्यात पोचला आणि वाचला.

तो घरी आल्यावर बकुळा बघायला गेली. बाबल्या पडवीत बसून पेज पीत होता. तुळसा तिच्या पाया पडायला वाकली, तसं बकुळानं तिला धरलं. "बरं झालं हो," म्हणाली, आणि ते खरंच होतं. पण पेज पिताना बाबल्यानं तोंड वाकडं केलं, तुळसा त्याच्यावर खेकसली, आणि बकुळाला तिथं उभं राहवेना.

वाटेत बांधावर ती खाली बसली. तुळसाचा एवढा हेवा वाटला की तिची तिलाच लाज वाटली. माणसं लावणी करत होती. त्यांच्याकडे पाठ करून ती पोटभर रडली.