चिंचेनं घासलेलं पिस्तूल

कुंताबाईच्या हाताखालून गेलेलं भांडं काळं राहिलं, असं पवनीत कोणी छातीवर हात ठेवून सांगावं! माहेर भंडाऱ्याचं, म्हणजे पितळेच्या गावचं. लग्नात आलेली तिची भांडी पाहून सासरच्या बायकांनी "नवी घेतली का?" असं विचारलं होतं, आणि ती निघाली होती तिच्या आईच्या लग्नातली. देवळाची समई सणाच्या आधी कुंताबाईकडे येते ती उगाच नाही. चिंचेचा कोळ, चुलीतली राख आणि नारळाची शेंडी, एवढ्या भांडवलावर ह्या बाईनं सगळ्या आळीत आपला मान राखला होता.

त्या रविवारी तर पाहुणे येणार होते. ते गावातले नव्हते की नात्यातलेही नव्हते. नवऱ्याच्या फोनातले होते.

तिचा नवरा भोजराज जन्मभर राइस मिलमध्ये मुनीम होता. निवृत्त झाला आणि जो बसला तो बसूनच राहिला. पेपर वाचून झाला की तोच पेपर पुन्हा वाचायचा आणि कुंताबाईनं भाजीत मीठ किती टाकलं यावर नजर ठेवायची, हा त्याचा उद्योग. पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीनं, हर्षानं, बापाचे हे हाल पाहिले आणि त्याला जुन्या पिस्तुलांच्या शौकिनांच्या एका ग्रुपमध्ये घालून दिलं. कारण घरात एक जुनं पिस्तूल होतं. भोजराजच्या आज्याला ते कधीकाळी मालगुजाराकडून, म्हणजे गावच्या जमीनदाराकडून, मिळालेलं. गारगोटीच्या ठिणगीवर उडणारं, लांब नळीचं, आणि नळी आतून केव्हाचीच बुजलेली.

ग्रुपचं नाव 'गारगोटी मंडळ'. आपल्याकडे चार माणसांचं गणेश मंडळ काढलं तरी विसर्जनापर्यंत त्याची दोन मंडळं होतात. इथं दोनशेच्या वर माणसं, सांगलीपासून गोंदियापर्यंतची, आणि भांडण म्हणून नाही. कुणी किंमत विचारत नाही, कुणी कुणाच्या अडाणीपणाला हसत नाही. "आधी पोलिसांत दाखवून कागद करून घ्या," असं त्यांनी पहिल्याच दिवशी भोजराजला बजावलं आणि तो कागद होईपर्यंत पिच्छा सोडला नाही. मग भोजराजनं पिस्तुलाचा फोटो टाकला, तो उलटा पडला. कुणीतरी तो सुलटा करून परत टाकला आणि खाली लिहिलं, "वा! काय देखणं आहे!" त्या दिवशी भोजराज दोन पोळ्या जास्त जेवला होता.

कुंताबाई त्यांना 'बंदूकवाले' म्हणायची, आणि म्हणताना नाक मुरडायची. पण गेल्या साली भोजराजचं नागपूरला ऑपरेशन झालं. सख्ख्या नात्यातल्या लोकांनी फोनवरून हळहळ पोचवली. दवाखान्याच्या दारात मात्र एक अनोळखी माणूस रोज डबा घेऊन उभा राहायचा. "मी भुपेंद्र. बँकेत असतो. ग्रुपमधला." सांगलीच्या कुणी दामिनीताई, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, रोज संध्याकाळी फोन करायच्या, आणि भोजराजची चौकशी झाली की विचारायच्या, "वहिनी, तुम्ही जेवलात का?" त्या आठ-दहा दिवसांत हा प्रश्न कुंताबाईला दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. तेव्हापासून तिचं नाक सरळ झालं. ही माणसं एकदा घरी आली पाहिजेत, त्यांना आपल्या हातचं खाऊ घातलं पाहिजे, हे तिनं तिथंच खाटेशेजारी बसून ठरवून टाकलं होतं.

आणि आज ती येत होती. भुपेंद्रच्या गाडीत स्वतः दामिनीताई, आणि सोबत मंडळातले आणखी दोघं. चिन्नोरचा भात, लाखोरीच्या डाळीचे वडे, वांग्याची भाजी, सगळं मार्गाला लागलं होतं. भोजराजनं कपाटातून पिस्तूल काढलं, दिवाणावर लाल मखमल अंथरून त्यावर ठेवलं, "हात नको लावू" असं नेहमीप्रमाणे बजावलं आणि पाहुण्यांना रस्ता दाखवायला मोटरसायकल काढून फाट्यावर गेला.

कुंताबाई पाण्याचे तांबे मांडायला बाहेरच्या खोलीत आली. तांबे असे लखलखत होते की त्यात पाहून कुंकू लावून घ्यावं. आणि त्यांच्या पलीकडे, चांगल्या मखमलीवर, ते पिस्तूल! पितळ काळं ठिक्कर, लोखंड तपकिरी, मुठीवर कुणाकुणाच्या हाताचा चिकटा. तिला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. इतक्या लांबून आलेल्या माणसांपुढं हे असं ठेवायचं? उद्या सांगलीत जाऊन ती बाई सांगेल, वहिनी स्वयंपाकाला बऱ्या, पण घरात मळ फार.

मग काय विचारता! मोरीवर चिंच आली, राख आली, शेंडी आली. पितळाच्या वेलबुट्टीतून काळं पाणी वाहू लागलं तसा कुंताबाईच्या हाताला जोर चढला. लोखंड हट्टी निघालं, पण कुंताबाईपुढं कुणाचा हट्ट चालला आहे? धुऊन, पुसून, उन्हाला दाखवून तिनं ते मखमलीवर परत ठेवलं तेव्हा ते नव्या नवरीच्या पैंजणासारखं चमकत होतं. ती स्वतःवर बेहद्द खूश झाली.

भोजराज पुढं निघून आला. पाहुणे गावाच्या जुन्या दरवाजापाशी फोटो काढत थांबले होते. "चहा ठेव," असं म्हणतच तो आत शिरला, आणि त्याचं लक्ष दिवाणाकडं गेलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो दारातच, चपला न काढता, खाली बसला.

"हर्षाची माय, हे काय करून ठेवलं तू?"

"घासलं. पाहा ना जी, कसं झक्क दिसते."

"मी सांगतलं होतं ना, हात नको लावू म्हणून?"

"सांगतलं होतं. पण काहून नाही लावाचा, हे कधी सांगतलं?"

"अवो, त्या काळ्यालेच तं पाहाले येऊन राहिले ते!" भोजराजचा आवाज चिरकला. मग त्यानं तुटक तुटक सांगितलं. जुन्या वस्तूवर चढलेला तो रंग हाच तिचा जीव. तो एकदा गेला की वस्तू राहते, जुनेपण जातं. दामिनीताई एरवी गायीसारख्या गरीब, पण एका माणसानं चकचकीत केलेल्या पिस्तुलाचा फोटो टाकला तेव्हा त्यांनी एकच ओळ लिहिली होती, 'यावरची दोनशे वर्षं कुठे सांडलीत?' तो माणूस मग कितीतरी दिवस ग्रुपात तोंड उघडायला धजला नव्हता.

पिस्तुलाचं कुंताबाईला काही नव्हतं. पिस्तूल गेलं खड्ड्यात. पण ह्या माणसाला बसल्या जागेवरून उठवून हसतं-बोलतं केलं होतं ते ह्या लोकांनी. त्यांच्यापुढं त्याची मान खाली जाणार, आणि ती आपल्या हातानं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. ती माणसं आजच्यापुरती गोड बोलून गेली आणि मग हळूहळू ह्याच्याशी बोलायची बंद झाली, तर? पुन्हा तोच पेपर आणि तीच भाजी.

"सांगून देऊ," भोजराज म्हणाला, "कपाटाची चाबी सापडून नाही राहिली म्हणून."

"लोक सांगलीहून आले, आन तुम्ही चाबी हरवली म्हणान? लाज नाही वाटत?" ती म्हणाली. आवाज चढा होता, पण डोळे भरले होते. तेवढ्यात गाडी दारात थांबली.

दामिनीताई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, दारातूनच हात जोडत आल्या. भुपेंद्रनं वाकून कुंताबाईला नमस्कार केला. पाणी झालं, ख्यालीखुशाली झाली, आणि सगळ्यांच्या नजरा दिवाणाकडं वळल्या.

"मी घासलं," भोजराज म्हणाला. "माह्याच हातून झालं. येडेपणा झाला."

कुंताबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. एवढ्या संसारात ह्या माणसानं दुधाचं भांडं उतू गेल्याचासुद्धा दोष कधी स्वतःवर घेतला नव्हता. तिला भरून आलं. पण भरून आलं म्हणून कुणाचं खोटं पदरात घेणारी ती बाई नव्हती.

"खोटं सांगून राहिले जी ते," ती ठणकावून म्हणाली. "ह्याइले अजून चहाचा कप घासता येत नाही. मी घासलं."

भुपेंद्रला हसू फुटलं, ते त्यानं रुमालात कोंडलं. दामिनीताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पिस्तूल उचललं, खिडकीपाशी नेलं आणि नाकाशी धरलं.

"चिंच?"

"चिंच आन राख."

"का घासलंत वहिनी?"

"तुम्ही येऊन राहिले म्हणून. हे दवाखान्यात होते तवा ह्या पोरानं डबा आणला, तुम्ही रोज फोन करून मले जेवली का विचारलं. आता तुम्ही पहिल्या डाव माह्या घरी आले, आन तुमच्या पुढं काळी वस्तू ठेवू? माह्या घरात होत नाही तसं."

दामिनीताईंनी पिस्तुलाच्या नळीवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "वहिनी, मी खोटं बोलणार नाही. वाईट झालं. तो रंग आता आपल्या हयातीत परत यायचा नाही."

"मले समजलं ते," कुंताबाई म्हणाली. "रागवा. मी ऐकतो."

"रागावू कशाला? आम्ही सगळ्यांनी हेच केलंय. मी माझं पहिलं पिस्तूल सोड्याच्या पाण्यात उकळलं होतं. कुकरमध्ये! रसायनशास्त्राची बाई मी, शिट्ट्या मोजत उभी होते."

"आणि मी मोटारीचं पॉलिश लावलं होतं," भुपेंद्र म्हणाला. बरोबरच्या दोघांपैकी एकानं तर दसऱ्याला सोनेरी रंग फासला होता, आणि वरून शेजाऱ्यांना बोलावून दाखवलाही होता. खोली हसून हसून हलली. भोजराज आ वासून पाहत राहिला.

"पण तो माणूस... ज्याले तुम्ही ते लिहिलं," तो चाचरत म्हणाला.

"त्याला मी दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागितली. आता त्याच्याशी आठवड्यातून दोनदा बोलते. ते ग्रुपवर कशाला सांगू?" दामिनीताईंनी पिस्तूल कुंताबाईपुढं धरलं. "आता हे कोरडं ठेवलं तर संध्याकाळपर्यंत गंजेल. घरात शिलाई मशीन आहे? त्याचं तेल आणा. आणि तुम्हीच लावा. इतक्या बारीक नक्षीतून मळ काढणारा हात आमच्यात कुणाचा नाही."

कुंताबाईनं तेल आणलं. दिवाणावर बसून, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं तिनं एकेक पान, एकेक वेल पुसून काढली. दामिनीताई शेजारी बसून सांगत होत्या, ही गारगोटी धरायची चिमटी, हे ठिणगीचं झाकण, इथं ठिणगी पडायची. कुंताबाई विचारत होती, आणि पिस्तूल घरात असून इतकी वर्षं आपण हे कुणाला विचारलं नाही याचं तिला मनापासून आश्चर्य वाटलं. हे लोक चांगले आहेत, तिनं स्वतःशी म्हटलं. फार चांगले आहेत.

जेवणं झाली. वड्यांचा फडशा पडला. कुंताबाई आत दुसरा घाणा तळत होती तेव्हा बाहेरून तिला भोजराजचा आवाज आला. तो घसा साफ करून फोनात बोलत होता, ग्रुपसाठी, शाळेत भाषण करतात तसा उभा राहून.

"मंडळातल्या सर्वाइले नमस्कार. फोटो पाठवून राहिलो, तो पाहा. हे पिस्तूल माह्या बायकोनं घासलं. कुंताबाईनं. तुम्ही लोक घरी येऊन राहिले म्हणून घासलं. तिले कोणी काही म्हणाचं नाही. ज्याले बोलाचं असंल त्यानं मले बोलावं. मी इतके वर्सं घरात ठेवलं, आन तिले त्याच्यातलं काही सांगतलं नाही. चूक तिथं झाली."

झारा हातात तसाच राहिला आणि एक वडा करपला. कुंताबाईचा वडा करपण्याची ही पहिलीच वेळ असावी.

थोड्या वेळानं फोन टुणटुण वाजायला लागला, आणि वाजतच राहिला. भुपेंद्र स्वयंपाकघराच्या दारात येऊन मोठ्यानं वाचू लागला, तसे बाकीचेही त्याच्यामागं येऊन उभे राहिले. कुणी लिहिलं होतं, आमच्या आईनं रॉकेलनं धुतलं होतं. कुणी विचारलं होतं, वड्यांचा फोटो कुठे आहे. आणि साताऱ्याच्या एका म्हाताऱ्या सभासदानं लिहिलं होतं, "वहिनींना म्हणावं, आता तुम्ही आमच्याकडे या. आम्हीही घासूनपुसून ठेवतो."

कुंताबाईनं पदरानं डोळे पुसले, घाणा ताटात काढला आणि दारातल्या सगळ्यांकडं एकवार पाहिलं.

"येऊन राहिलो म्हणा," ती म्हणाली. "दोघंबी."